मोंढ्यातली एन्ट्री

सातबाऱ्यावर क्षेत्र आहे एक हेक्टर पाच आर. कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा रकान्यात 'एक पॉइंट पाच' मारतो, एंटर दाबतो आणि पुढच्या शेतकऱ्याकडे वळतो. झालं, त्या शेतकऱ्याची जमीन आता एक हेक्टर पन्नास आर झाली. पंचेचाळीस आर म्हणजे एकराहून जास्त रान एका टिंबानं वाढलं. यात पोराला फार दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यानं जे ऐकलं ते मारलं. खरा दोष फॉर्म बनवणाऱ्याचा. 'क्षेत्र' एवढं लिहून त्यानं एकच चौकोन ठेवला आणि पाच आर म्हणजे शून्य पाच लिहायचे, हे घाईतल्या माणसाच्या लक्षात राहील असं गृहीत धरलं. हेक्टरचा चौकोन वेगळा, आरचा वेगळा, आणि आरच्या चौकोनात ९९ च्या वर आकडा घ्यायचाच नाही, एवढं केलं असतं तर ही चूक करायला जागाच राहिली नसती. शेजारी आणखी एक चौकोन ठेवावा, ज्यात काही लिहिता येत नाही, फक्त एकर दिसतात: २.५९. शेतकरी एकरातच बोलतो. 'अडीच एकराच्या थोडं वर' हे त्याला बघताक्षणी पटतं, आणि ३.७१ दिसलं तर तो लगेच म्हणतो, "दादा, एवढी कुठं आहे?"

डेटाबेसच्या फॉर्मबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे, ते बरंचसं या दोन चौकोनांत आहे. तरी थोडं सविस्तर बघू. उदाहरणाला जवळा बाजार घेऊ. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव तालुक्याचं ठिकाण नाही, पण इथं स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. आजूबाजूच्या शिवारातलं सोयाबीन, तूर, हरभरा मोंढ्यात येतो. भोवताली हळदीचा मुलूख. शेजारच्या वसमतची हळद तर भौगोलिक मानांकनापर्यंत पोचलेली. अशा ठिकाणी एखादं आडत दुकान, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा खरेदी केंद्र असेल, तर त्याला रोजच्या आवकेची नोंद ठेवायची असते: माल कुणाचा, कुठल्या गावचा, किती कट्टे, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, पैसे कुणाच्या खात्यात गेले. हे सगळं ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर ठेवायचं तर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस बेस पुरतं. इंटरनेट असो नसो, काम अडत नाही.

बहुतेक जण सुरुवात एक्सेलवर करतात. शंभर-दोनशे ओळींपर्यंत ते निभतं. मग एक दिवस कुणीतरी नावांचा रकाना तेवढा निवडून अकारविल्हे लावतो. बाकीचे रकाने जागेवर राहतात आणि एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर चढतं. डेटाबेसमध्ये असं होत नाही, कारण तिथं एका व्यवहाराची सगळी माहिती मिळून एक नोंद असते आणि ती एकत्रच हलते. या नोंदी ठेवायची जागा म्हणजे टेबल. फॉर्म म्हणजे त्या टेबलात माहिती आत सोडणारी खिडकी. माहिती फॉर्ममध्ये साठत नाही, टेबलात साठते. एकाच टेबलावर काट्यावरच्या माणसासाठी एक फॉर्म, हिशोबाच्या मुनिमासाठी दुसरा, असे दोन वेगळे फॉर्म बसवता येतात. काट्यावरच्याला बँकेचा खाते क्रमांक दिसायचं काही कारण नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफनं फुटबॉलच्या पैजा जिंकता याव्यात म्हणून घरी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यातून पुढे डीबेस निघालं, आणि त्याच वळणावर फॉक्सप्रो. ज्यांनी नव्वदच्या दशकात एखाद्या पतसंस्थेत किंवा साखर कारखान्याच्या ऑफिसात काम केलंय त्यांना काळ्या-निळ्या पडद्यावरचे ते फॉर्म आठवत असतील. त्यात ओळ आणि स्तंभ मोजून सांगावं लागे: पाचव्या ओळीत, दहाव्या स्तंभापाशी 'नाव' असं दाखव आणि पुढे लिहायला जागा ठेव. हुकुमाचे शब्दही सोपे होते, 'से' म्हणजे दाखव आणि 'गेट' म्हणजे घे. रकाना भरला की बीप वाजून कर्सर आपोआप पुढच्या रकान्यात उडी मारायचा. हे दिसायला ओबडधोबड, पण सराईत ऑपरेटरला फार सोयीचं होतं. त्याची नजर कागदावर असायची, बोटं कीबोर्डवर, आणि पडद्यावर काय चाललंय ते त्याला कानानं कळायचं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतलं, त्याच वर्षी ॲक्सेस बाजारात आणलं, आणि माऊसनं रकाने ओढून फॉर्म मांडायची सोय झाली. मांडणी सोपी झाली खरी, पण माऊस हातात आल्यावर लोक फॉर्म नटवायला लागले आणि भरणाऱ्याचा हात विसरले.

भरणाऱ्याचा हात म्हणजे मुख्यतः रकान्यांचा क्रम. मोंढ्यात माहिती ज्या क्रमानं कानावर पडते त्याच क्रमानं फॉर्म पुढे सरकला पाहिजे. गाडी आली की आधी गाव विचारतात, मग नाव, मग माल काय, कट्टे किती. वजन काट्यावर कळतं आणि भाव बीट म्हणजे लिलाव झाल्यावर. म्हणजे खरं तर ही एक नोंद तीन टप्प्यांत भरली जाते. मग तिन्ही टप्प्यांचे रकाने एकाच पडद्यावर 'भरलेच पाहिजेत' अशा अटीनं ठेवले तर काय होईल? गेटवरचा माणूस वजनाच्या जागी शून्य किंवा एक मारून पुढे जाईल, कारण त्याला कोंडी फोडायचीच असते. हे शून्य नंतर कुणी दुरुस्त केलं नाही तर संध्याकाळच्या बेरजेत ते खरं वजन म्हणून मिसळतं. सक्तीचा रकाना भरला जातो, पण खऱ्या माहितीनंच भरला जाईल याची हमी नसते. म्हणून सक्ती त्या क्षणी हाताशी असलेल्या गोष्टींचीच करावी. बाकीचे रकाने रिकामे राहू द्यावेत आणि अर्धवट नोंदींची यादी वेगळी काढावी: 'आज वजन झालं, भाव नाही' अशा सात गाड्या. रिकामा रकाना निदान खोटं बोलत नाही.

ॲक्सेसमध्ये टॅब मारल्यावर कर्सर कुठं जाणार याचा क्रम वेगळा ठरवलेला असतो, आणि इथं एक हमखास घोळ होतो. फॉर्म तयार झाल्यावर 'मोबाईल नंबर राहिलाच की' म्हणून मध्येच एक रकाना टाकला, तर पडद्यावर तो मध्ये दिसतो पण टॅबच्या क्रमात शेवटी जाऊन बसतो. ऑपरेटर नावावरून टॅब मारतो, कर्सर मोबाईल सोडून थेट मालावर जातो, आणि मोबाईल कायमचा रिकामा. टॅब ऑर्डरच्या चौकटीत जाऊन एकदा क्रम लावला की झालं, पण ते करायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

आता गावाचं नाव. वाटतं तितकं हे सोपं नाही. नुसतं 'जवळा' लिहून भागत नाही. याच हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यात जवळा पांचाळ आहे, परभणी जिल्ह्यात जवळा झुटा आहे, जामखेड तालुक्यात आणखी एक जवळा आहे. इंग्रजीत लिहायला घेतलं की एकट्या जवळा बाजारची चार-पाच स्पेलिंगं होतात. वसमत कुठं वसमत असतं, कुठं बसमत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर जिल्हा परभणी असतो आणि कागदात बघून एन्ट्री मारणारा तसाच उतरवतो. शिवाय गेल्या काही वर्षांत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. गाव हाताने लिहायचा रकाना ठेवला तर वर्षअखेर 'कुठल्या गावातून किती माल आला' याची यादी काढताना एकच गाव पाच ठिकाणी येईल आणि कुठल्याच ठिकाणी त्याची बेरीज खरी नसेल.

यावर उपाय म्हणजे निवडायची यादी. ॲक्सेसमध्ये तिला कॉम्बो बॉक्स म्हणतात. गावांचं एक वेगळं टेबल करायचं, प्रत्येक गावाला एक क्रमांक द्यायचा. जनगणनेचा गाव-संकेतांक वापरला तर उत्तमच. यादीत दिसतं गाव आणि तालुका, पण आवकेच्या टेबलात साठतो तो फक्त क्रमांक. उद्या जिल्ह्याचं नाव बदललं तर एका ठिकाणी बदलायचं. हजारो जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही. 'यादीबाहेरचं घेऊ नको' अशी एक सेटिंग असते, ती चालू ठेवायची. पण नवीन गावचा शेतकरी आला तर त्याला परत पाठवायचं का? नाही. यादीत नसलेलं नाव मारलं की 'हे गाव यादीत नाही, नवीन टाकायचं का?' असं विचारणारी छोटी चौकट उघडली पाहिजे. हे न केलेल्या अशा याद्या मी पाहिल्यात, ज्यांत निम्मा माल 'इतर' नावाच्या गावातून येतो.

एका यादीवर दुसरी यादी अवलंबून ठेवता येते. मालात 'हळद' निवडली की पुढच्या रकान्यात कांडी आणि गट्टू एवढेच पर्याय दिसावेत. सोयाबीन निवडल्यावर गट्टू दिसता कामा नये. ऑपरेटरनं पहिली दोन अक्षरं मारली की यादी तिथवर सरकते, त्यामुळे माऊसला हात लावायची गरज पडत नाही. गर्दीच्या हंगामात, सोयाबीन येतं तेव्हा, दिवाळीच्या आगेमागे, दर शेतकऱ्यामागे वाचलेले पाच-सात सेकंद बाहेरच्या रांगेत दिसतात.

माणसाच्या नावाची गोष्ट वेगळी. ते यादीतून निवडायचं, पण ओळखायचं दुसऱ्या कशावरून तरी. एका गावात एकाच आडनावाची तीस घरं असतात, त्यांत पांडुरंग, ज्ञानोबा, बालाजी पुन्हा पुन्हा येतात, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत आहे. पहिलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव हे तीन रकाने वेगळे हवेत, आणि शेतकऱ्याला एक खाते क्रमांक. शोधताना मोबाईलचे शेवटचे चार अंक हे सर्वांत कामाचं साधन ठरतं, कारण ते माणसाला तोंडपाठ असतात. आधार क्रमांक मागायचा मोह टाळावा. जिथं सरकारी योजनेसाठी तो लागतोच तिथं लागतो, पण आडतीच्या साध्या नोंदीला त्याचं काम नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, आणि ऑफिसच्या सामाईक कॉम्प्युटरवर हजार लोकांचे आधार क्रमांक उघडे पडून असणं कुणाच्याच हिताचं नाही.

घ्यायचाच असेल तर एक गंमत माहीत असावी. आधारचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून गणितानं काढलेला असतो. याकोबस फेरहुफ या डच गणितज्ञानं ही रीत १९६९ साली मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर हिशोब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथं पकडता येते. बँक खात्याच्या क्रमांकाला अशी सर्वत्र लागू पडणारी सोय नाही. तिथं जुनाच उपाय करावा लागतो: दोनदा लिहायला लावायचं आणि दोन्ही जुळले तरच पुढे जायचं. पंचकार्डांच्या काळात पहिल्या बाईनं भोकं पाडलेली कार्डं दुसरी बाई तोच कागद समोर ठेवून दुसऱ्या यंत्रावर परत मारायची आणि फरक पडला की यंत्र थांबायचं. तेच हे. आयएफएससी कोड मात्र ठरावीक साच्याचा असतो: अकरा अक्षरं, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा बहुधा अंक. ॲक्सेसमध्ये 'इनपुट मास्क' नावाचा साचा लावला की पाचव्या जागी शून्य आपोआप बसतं, आणि शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' मारण्याची सवय तिथंच मोडते.

साचा लावायचा तो साचेबंद गोष्टींनाच. गट नंबरला लावायला गेलात तर फसाल. गट नंबर हा आकडा नव्हेच. '११२/२/अ' असाही असतो. त्याचा रकाना मजकुराचा ठेवावा. मजकुराच्या रकान्यात आणखी एक पेच येतो: कीबोर्ड मराठीत असेल तर काही मांडण्यांत अंक देवनागरी उमटतात, इंग्रजीत असेल तर इंग्रजी. दिसायला दोन्ही एकशे बाराच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी चिन्हं, आणि शोधताना हा फरक आडवा येतो. ॲक्सेसमध्ये प्रत्येक रकान्याला कीबोर्डची भाषा नेमून देता येते. नावाच्या रकान्यात शिरलं की मराठी, आयएफएससीत शिरलं की इंग्रजी, असं ते आपोआप बदलतं. ही सोय फार कमी लोक वापरतात. श्री-लिपी आणि आयएसएमच्या जुन्या फॉन्टांच्या काळात ज्यांनी याद्या केल्या त्यांना याचं मोल जास्त कळेल. त्या फॉन्टांत पडद्यावर 'पांडुरंग' दिसायचं, आत मात्र भलतीच इंग्रजी अक्षरं साठलेली असायची. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की सगळं अगम्य, आणि अकारविल्हे लावायला गेलं तर 'अ' कुठल्या कुठं. युनिकोडनं ते दुखणं संपवलं. जुनी फाईल हाती आली तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, मगच तिच्यावर फॉर्म बसवावा.

तारखेचा घोळ मात्र युनिकोडनं जात नाही. नवीन कॉम्प्युटर आणला, त्यातली विंडोज अमेरिकी पद्धतीवर ठेवलेली राहिली, तर तिथं महिना आधी आणि दिवस नंतर. आपला माणूस पाच एप्रिल म्हणून ०५/०४ मारतो. कॉम्प्युटर चार मे समजतो आणि चूं करत नाही. खरी मजा पुढे. तेरा एप्रिलला १३/०४ मारलं की कॉम्प्युटरला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो आपल्या अकलेनं उलटवून तेरा एप्रिल घेतो. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या बहुतेक नोंदी चुकतात आणि तेरापासून पुढच्या बरोबर येतात. महिनाअखेरीला हिशोब जुळत नाही तेव्हा सगळे बेरीज तपासत बसतात, तारखेकडे कुणी बघत नाही. यावर साधी तोड: आजची तारीख आपोआप भरलेली यावी, महिना अक्षरांत दिसावा ('०५ एप्रिल'), आणि उद्याची तारीख फॉर्मनं घेऊच नये.

फॉर्मनं अडवावं कुठं आणि नुसतं हटकावं कुठं, हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे असं मला वाटतं. काही गोष्टी अशक्यच असतात: वजन उणे, बारदानाचं वजन मालाहून जास्त, उद्याची तारीख. तिथं ठामपणे अडवावं. काही गोष्टी अशक्य नसतात, फक्त विचित्र असतात. वीस कट्ट्यांचं वजन अठ्ठावीस क्विंटल आलं तर कट्ट्यामागे एकशे चाळीस किलो झाले. हे बहुधा चुकलंय, पण क्वचित मोठी पोतीही असतील. तिथं 'कट्ट्यामागे १४० किलो येतात, बरोबर आहे का?' असं विचारावं आणि 'हो' म्हटलं तर जाऊ द्यावं. भावाचंही तसंच. साडेचार हजाराच्या जागी एक शून्य जास्त पडून पंचेचाळीस हजार झालं तर त्या दिवशीच्या बीटातल्या भावांशी ताडून फॉर्मनं हटकावं. आणि हटकताना मराठीत, कामाचं बोलावं. 'इन्व्हॅलिड एन्ट्री' असा डबा उघडला की ऑपरेटर न वाचता ओके दाबतो. 'आर ९९ पेक्षा जास्त असू शकत नाहीत, हेक्टर-आर तपासा' असं लिहिलं की तो तपासतो.

नियम कितीही विचारपूर्वक केला तरी तो फॉर्मच्या पोटात कायमचा शिवून टाकू नये. याचं ताजं उदाहरण सोयाबीनच्या सरकारी खरेदीचं. हमीभावानं घ्यायच्या सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, असा नियम. २०२४ च्या हंगामात पावसानं ओल राहिली, माल परत जाऊ लागला, ओरड झाली, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. समजा, एखाद्या केंद्रावरच्या फॉर्मात '१२ पेक्षा जास्त असेल तर नोंद घेऊ नको' असं पक्कं लिहिलेलं आहे आणि लिहिणारा पुण्याला नोकरीला गेलाय. मग दोनच वाटा राहतात. एक तर सरकारनं सूट देऊनही शेतकऱ्याचा माल दारातून परत जाणार, नाही तर ऑपरेटर सगळ्यांना ११.९ टाकणार. दुसरंच जास्त घडतं, आणि मग त्या वर्षीच्या ओलाव्याची खरी नोंद कुठंच उरत नाही. हे टाळायला ओलाव्याची मर्यादा, बाजार फीचे दर, हमाली-तोलाईचे दर एका छोट्या टेबलात ठेवायचे, प्रत्येकाला 'केव्हापासून लागू' अशी तारीख द्यायची. नियम बदलला की मुनिमानं नवीन ओळ टाकायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला फोन करावा लागत नाही. जुन्या पावत्या जुन्या दरानंच दिसत राहतात, हाही फायदा.

आणखी एक बारकावा, तांत्रिक पण कामाचा. नियम फॉर्मवर लावता येतो तसा थेट टेबलावरही लावता येतो. फॉर्मवर लावलेला नियम फक्त खिडकीतून येणाऱ्याला अडवतो. कुणी एक्सेलमधून पाचशे ओळी थेट टेबलात चिकटवल्या तर तो नियम त्यांना दिसतच नाही. म्हणून जे अशक्यच आहे त्याला टेबलावर अडवावं, आणि जे नुसतं विचित्र आहे त्याला फॉर्मवर हटकावं.

एका शेतकऱ्यानं एकाच फेरीत सोयाबीनही आणलं आणि तूरही, तर? नवशिके लोक फॉर्मवर 'माल १', 'माल २', 'माल ३' असे रकाने काढतात आणि चौथा माल आला की हात टेकतात. याचं खरं उत्तर आपल्या घरोघरच्या कपाटात आहे. सातबारा हा एक कागद दिसतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात अधिकाराचा: गट कुणाचा, क्षेत्र किती. गाव नमुना बारा पिकांचा: दर वर्षी, दर हंगामाला नवी ओळ. वरचा भाग एकदाच लिहायचा, खालच्या ओळी हव्या तितक्या वाढत जातात, आणि गट नंबर दोघांना जोडतो. ॲक्सेसमध्ये याला मुख्य फॉर्म आणि सबफॉर्म म्हणतात. वर पावतीचा क्रमांक, तारीख, शेतकरी. खाली मालाच्या ओळी, तीन असोत की तेरा. इंग्रजी अमदानीतल्या महसूल खात्यानं गावपातळीवर एक ते एकवीस नमुने ठरवून ही रचना कागदावर बसवली, तेव्हा कॉम्प्युटर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. नमुना बारामध्ये मिश्र पिकाखालचं क्षेत्र वेगळं आणि त्यातली घटक पिकं वेगळी दाखवायला रकाने आहेत, कारण सोयाबीनच्या ओळींत तूर घेणारा शेतकरी 'एक पीक निवडा' या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आता हीच माहिती मोबाईलवर स्वतः भरतो. नवीन फॉर्म बनवणाऱ्यानं आधी जुना कागद नीट वाचावा, असं मी म्हणतो ते यासाठी. त्यातला प्रत्येक विचित्र वाटणारा रकाना कुणाच्या तरी अडचणीतून आलेला असतो.

पावतीच्या क्रमांकाबद्दल एक इशारा. ॲक्सेसचा 'ऑटोनंबर' पावतीवर छापू नये. नोंद सुरू केली आणि एस्केप दाबून सोडून दिली, तरी तो क्रमांक खर्ची पडतो. २१४ नंतर २१६ आलं की लेखापरीक्षक विचारणार, २१५ कुठं गेली? पावती क्रमांक वेगळा ठेवून, नोंद साठवताना द्यावा. चुकलेली पावती पुसूनही टाकू नये. कीर्दीत खाडाखोड चालत नसे. चुकलेलं कापून, शेजारी नवं लिहून सही करत. फॉर्मवर त्यासाठी 'रद्द' अशी खूण आणि 'कारण' असा रकाना असावा. सातबाऱ्यावरचा लेखनप्रमाद दुरुस्त करायलासुद्धा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली रीतसर आदेश लागतो. इतका बडेजाव आडत दुकानाला नको, पण कुणी, केव्हा, काय बदललं एवढं तरी कळलं पाहिजे.

वीज जाण्याची भीती अनेकांना असते. ॲक्सेसमध्ये नोंद लिहिताना डाव्या कडेच्या पट्टीवर पेन्सिलचं चित्र दिसतं. याचा अर्थ अजून साठवलेलं नाही. पुढच्या नोंदीवर गेलात किंवा शिफ्ट-एंटर दाबलं की पेन्सिल जाते आणि नोंद डिस्कवर उतरते. वेगळं सेव्ह मारावं लागत नाही. एरवी वीज गेली तर हातातली एक नोंद जाते, आधीच्या राहतात. पण नोंद डिस्कवर उतरत असतानाच वीज गेली तर फाईल बिघडू शकते. त्यामुळे यूपीएस हवाच, आणि रोज संध्याकाळी फाईलची एक प्रत पेनड्राईव्हवर. दोन कॉम्प्युटर जोडायचे असतील तर टेबलांची फाईल एक, फॉर्मांची वेगळी करावी, आणि फॉर्मांची प्रत प्रत्येक कॉम्प्युटरवर ठेवावी.

सराईत ऑपरेटरला एक किल्ली जरूर शिकवावी: कंट्रोल धरून एकेरी अवतरणचिन्ह दाबलं की आधीच्या नोंदीतला त्याच रकान्याचा मजकूर उतरतो. एका टेम्पोतून एकाच गावचे सहा शेतकरी आले की गावाचं नाव परत मारायला नको.

शेवटी तपासणी. २०१७ साली सातबाऱ्यांच्या संगणकीकरणात राहिलेल्या चुका शोधायला राज्यात चावडी वाचन झालं. गावात लोक जमवून तलाठ्यानं कॉम्प्युटरमधला सातबारा वाचायचा आणि ज्याचा आहे त्यानं सांगायचं, बरोबर का चूक. हजारो नियम लावूनही एखादा पांडुरंग बाबुराव हा पांडुरंग बापुराव झालेला कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार? मोंढ्यात रोज चावडी भरवता येत नाही, पण दुसरा जुना मॉनिटर शेतकऱ्याच्या बाजूला तोंड करून ठेवता येतो. त्यावर ऑपरेटरचा गजबजलेला फॉर्म दाखवू नये. वेगळा फॉर्म करावा, मोठ्या अक्षरांचा, पाचच ओळींचा: नाव, गाव, माल, निव्वळ वजन, भाव. साठवण्याचं बटण त्यानंतर. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऑपरेटरनं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि त्यासाठी लागणारं अर्धं मिनिट मालकानं रांग लांबली म्हणून कापू नये.